पाण्यापल्याड गेलेला माग

माझं म्हायेर माणदेशातलं अन् सासरबी तिकडचंच, धनगराचं घर, मेंढरं, लोकर अन् खड्ड्यात पाय सोडून इनायचा माग. शाळंचं तोंड न्हाई बघितलं मी, पन घोंगडं इनाय लागले तवा परकर नेसत हुते बगा. काय सांगू तुम्हाला, मालक गेलं, पोरगा मिल्ट्रीत, सून म्हणती आत्या, त्यो माग काडून टाका, जागा अडती. माज्यासंगं समदं मातीत जानार म्हणून जीव तुटायचा.

मग कोयनंच्या धरणाकडनं एक मास्तरीणबाई घोंगडं इननारं मानूस हुडकत आल्या. त्यांची शाळा पाण्यापल्याड, लाँचीनं जायचं, तीन बाजूंनी पाणी अन् मागं जंगल, बेटच म्हणा. म्हणल्या मावशी, पोरांना हातानं करून शिकवायचंय, जुनं कामबी अन् त्यातलं इज्ञानबी. मी म्हणलं इज्ञान माज्याकडं कुठलं, घोंगडं हाय. गेले माग घिऊन. पोरांनी पडवीत खड्डा खणला, माग बसवला.

अन् मीच चुकले. आमच्यात ताण्याला, म्हंजी मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावत्यात, चिंचोके शिजवून केलेली चिकी, म्हंजी सूत तुटत न्हाई. सकाळी लावली की दुपारी खडखडीत. तितं श्रावणात लावली, तीन दिस वाळंना, वर बुरशी. मालकांनी कातरलेली शेवटची लोकर हुती ती. रडले, पोरांवरच खेकसले. सुनंदा म्हणून आठवीतली पोरगी, म्हणती आज्जी, आमी पावसाळ्यात समदं चुलीवरच्या माळ्यावर वाळवतो. मी म्हणलं गप गं, चाळीस वरसं इनतीया मी.

ऐकती व्हय ती! सूत धुतलं, खळ केली दाट, मध्यम, पातळ, लडी वऱ्हांड्यात, वर्गात, चुलीवर टांगल्या, अन् कुठली किती वाळली ते काट्यावर तोलून तोलून वहीत लिवत बसली. चुलीवरची पातळ खळीची लड पैली वाळली. बाई म्हणल्या ह्येच इज्ञान. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू, अन् लय बरंबी वाटलं.

पैलं घोंगडं आमी बिरोबाला वाहातो. मी घरला परतल्यावर सुनंदा आपण इनलेलं पैलं घोंगडं घिऊन लाँच, यष्टी करत आमच्या गावाला आली. सून म्हणली आत्या, ह्याला धुराचा वास येतुया. म्हणलं असूंदे, पाण्यापल्याडच्या चुलीचा हाय.

माग मी परत आणला न्हाई, त्यो शाळंतच हाय. घरातला खड्डा बुजवला, सुनंनं तितं फ्रीज ठेवलाय. जवळ बसले की पाय आपसूक खड्डा हुडकत्यात, वाईट वाटतं, वाटतंच. पन पाण्यापल्याडच्या पोरींनो, तुमच्या मागाचा खड्डा कवा बुजू नये, येवढंच मागणं हाय देवाला.