मनुबाईच्या हातून एकही नाही

ताजुद्दीन : कुणाचा विश्वास बसणार नाही बेटी, म्हणून हे मी आजवर कुणाला सांगितलंच नाही.

प्रणाली : चाचा, काल चहाच्या टपरीवर सात जणांना सांगत होतात.

ताजुद्दीन : ते देवमाशाच्या पाठीवर बसून दिघीला आलो, त्याचं होतं. हे खरं आहे.

प्रणाली : आधी रिक्षाची चावी शोधा. साडेअकराची फेरीबोट चुकली तर खाडीपलीकडची आगरदांड्याची एसटी निघून जाईल.

ताजुद्दीन : शोधतोच आहे की. हात शोधतायत, तोंड मोकळं आहे. बॅग खाली ठेव. पंधरा दिवस या केंद्रात जखमी पाखरांची सेवा करते म्हणून आलेली पोर, चौथ्या दिवशी निघाली!

प्रणाली : का निघालेय ते तुम्हाला माहितीये.

ताजुद्दीन : नऊ नंबरचा पिंजरा. बगळ्याचं पिल्लू.

प्रणाली : माझ्या हातून मेलं, चाचा. ऊन तापलं होतं, चोच उघडून धापा टाकत होतं. मला वाटलं तहान लागलीय. ड्रॉपरने चोचीत पाणी घातलं. मिनिटभरात मान टाकली त्याने. आणि समोर भिंतीवर एवढ्या मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'पाखराच्या चोचीत पाणी ओतू नका, छातीत जातं.' वाकडंतिकडं असलं म्हणून काय झालं? वाचता येतं ना मला!

ताजुद्दीन : वाकडंतिकडं काय? चांगलं ठसठशीत आहे. मनुबाई काही बोलली?

प्रणाली : तेच ना. एक शब्द नाही. माझ्या हातातून पिल्लू घेतलं, पदराखाली धरलं आणि वाडीत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताजुद्दीन : ती दिवसाला बारा शब्द बोलते, त्यातले दहा पाखरांशी. आता बघ, कुडापलीकडे मासे कापत बसलीय. विळीशिवाय आहे का आवाज?

प्रणाली : हळू बोला ना, ऐकतील.

ताजुद्दीन : छे! त्या मोठ्या चक्रीवादळापासून तिला ऐकूच येत नाही. वाऱ्याने कान नेले. तेच तर सांगतोय तुला. त्या दिवशी दिवेआगरात माड असे वाकले, की माणसाने खाली बसून शहाळं तोडावं. दुपारी मी मशिदीपाशी ओरडलो, ते पार पलीकडच्या बोर्ली गावात ऐकू गेलं.

प्रणाली : काय ओरडलात?

ताजुद्दीन : 'छप्पर धरा!' त्यांनी ऐकेपर्यंत छप्परही पोचलं तिकडे.

प्रणाली : चाचा!

ताजुद्दीन : हसू नको, अल्ला कसम. तळ्याकाठी मोठा वड होता, त्यावर बगळ्यांची घरटीच घरटी. वड मुळासकट आडवा झाला. आम्ही पन्नास वर्षं दर्यात काढलेले तांडेल, दाराच्या कड्या धरून बसलो होतो. आणि ही बाई डोक्यावर घमेलं उपडं घालून बाहेर! पदर पसरला. वाऱ्यावर पिल्लं उडत यायची, ही झेलायची. त्र्याहत्तर झेलली.

प्रणाली : मोजली कुणी?

ताजुद्दीन : मीच, दाराच्या फटीतून. चौऱ्याहत्तरावा नारळ निघाला. तोही झेलला. चटणी बरी झाली होती.

प्रणाली : चावी, चाचा.

ताजुद्दीन : सीटखाली बघतो. तर पुढे ऐक. घरावर कौल राहिलं नव्हतं तिच्या. पोफळी सगळ्या आडव्या. मदतीच्या वाटपात घराला एक ताडपत्री मिळाली. ती हिने पिल्लांवर बांधली. स्वतः अठरा दिवस छत्रीखाली चूल पेटवली. बर्फ नाही, वीज नाही, होड्या फुटलेल्या. मग रोज ओहोटीला खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून पागाचं जाळं टाकायची, मिळेल ती बारकी मासळी पाखरांना. घरात नुसती पेज.

प्रणाली : हेही नारळासारखंच?

ताजुद्दीन : नाही. याला मी तिखटमीठ लावलेलं नाही. गावात कुणालाही विचार. त्या ताडपत्रीखालीच हे केंद्र सुरू झालं, बेटी. म्हणून तर मी इथे फुकटात रिक्षा हाकतो.

प्रणाली : मग बरोबर आहे त्यांचं न बोलणं.

ताजुद्दीन : अजून ऐक. दर पावसाळ्यात त्यातला एक बगळा मासा घेऊन येतो, तिच्या उंबऱ्यावर ठेवतो.

प्रणाली : तुम्ही पाहिलाय?

ताजुद्दीन : मासा पाहिलाय. तळलेला.

प्रणाली : आणि त्या पिल्लांपैकी मेली किती?

ताजुद्दीन : एकही नाही! मनुबाईच्या हातून आजवर एकही पाखरू गेलेलं नाही.

प्रणाली : बघा. अशा बाईसमोर मी ड्रॉपर घेऊन उभी होते. राहू दे ती चावी, मी चालत जाते.

ताजुद्दीन : अगं, एकही नाही म्हणतो मी! पहिल्या दिवसापासून! चूक कशी ती ठाऊकच नाही त्या हाताला! एकही नाही!

(कुडापलीकडचा विळीचा आवाज थांबतो.)

मनुबाई : ताजूभाय, किती वराडतोस? पाखरं बिचकतात.

ताजुद्दीन : सुभानल्ला! कान आले हिचे!

मनुबाई : पोरी, चावी त्याच्या टोपीखाली हाय. सकाळधरनं.

प्रणाली : चाचा...

ताजुद्दीन : मग तूच सांग मनुबाई. किती मेली?

मनुबाई : त्र्याहत्तर न्हाय, एकोनीस व्हती सगळी. वादळ गेलं, ऊन पडलं, आन् पिल्लं धापा टाकाया लागली. मला वाटलं, तहानली. वाटीनं पानी पाजलं मी. पाच गेली, ह्याच हातात. ह्यो बाजूला बसून रडत व्हता, आन् म्हनतो एक न्हाय! दुसऱ्या दिशी होडीचा उरलेला निळा रंग आनला आन् ह्याच्याकडनंच भिंतीवर लिवून घेतलं. इचार त्याला, ते वाकडं अक्षर कुनाचं हाय.