डॅनियलच्या ग्रंथातली नावं

आबांचा विषय निघालाच आहे, तर हे ऐका. माझा भोरच्या ऑफिसातला मित्र डॅनियल, बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचा मराठी ज्यू, एकदा वेल्ह्याला आमच्याकडे जेवायला आला होता. पिठलं-भाकरी झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला विचारलं, "तुमच्या पोथीत काय आसतं वो?"

तो हसला. "गोष्टी आहेत, आबा. पण काही पानं नुसती नावांची. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. लहानपणी वाचायचा कंटाळा यायचा."

"मग ठेवली कशाला?"

"अडीच हजार वर्षांपूर्वी आमच्या लोकांना कैद करून देशाबाहेर नेलं होतं. ते परत आले, तेव्हा कोण कुठल्या घरचा, हे त्या नावांवरूनच कळलं."

आमचं जुनं गाव धरणात गेल्यापासून आबांनी त्याचं नावही काढलं नव्हतं. आता डोळे मिटून एकदम बोलू लागले, "देवळाशेजारी धोंडिबा. धोंडिबाचा मारुती, मारुतीचा सखाराम..." घरामागून घर. निम्मी नावं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॅनियलनं हळूच घड्याळ पाहिलं. "आबा, माझी शेवटची एसटी..."

"बसा वो," आबा म्हणाले, "आजून खालची आळी राह्यलीया."