लसणाकडे पाठ

बायको : नाही म्हणजे नाही. चहा-बिस्किटं खा आणि पडा जाऊन.

घड्याळजी : अगं, एवढ्यातेवढ्यावरून चूल बंद?

बायको : एवढंतेवढं? लेकीने दुपारी पहिल्याच घासाला पाणी मागितलं. ‘आई, यात मीठ दोनदा पडलंय’ म्हणाली. आणि तुम्ही समोर बसून बोटं चाटत होतात.

घड्याळजी : मला तितकं जाणवलं नाही.

बायको : त्या तापात माझं नाक गेलं, जीभ गेली. तुमचं काय गेलं होतं?

घड्याळजी : डॉक्टर म्हणालेत, येईल हळूहळू.

बायको : ‘येईल किंवा नाही येणार’ म्हणालेत. अर्धंच ऐकायची सवय तुमची. तेव्हापासून रोज विचारते मी, जमलंय का? आणि रोज आपलं एकच, ‘फक्कड’. त्या फक्कडवर उभी होते हो मी. काय काय गिळलंत देव जाणे.

घड्याळजी : खरं सांगितलं असतं तर तू हात आखडला असतास.

बायको : मग आता आखडलाच ना.

घड्याळजी : आज खरं सांगेन. शप्पथ.

(तो फ्रिज उघडतो.)

घड्याळजी : फ्रिजमध्ये सकाळचा भात आहे. अर्धा कोबी, एक बटाटा, दोन टोमॅटो. याचं काय होतं?

बायको : बघा पुस्तकात.

घड्याळजी : पुस्तकात असल्या भणंग मंडळींना कोण घेतं?

बायको : टोमॅटो कसे आहेत?

घड्याळजी : एक बरा. दुसऱ्याने मान टाकलीय.

बायको : मग तोच कामाचा. आणा इकडे. आणि तो बटाटा सोलू नका, नुसता धुवा. सालीसकट कुरकुरीत होतो. दाणे आहेत का डब्यात?

घड्याळजी : तळाला मूठभर.

बायको : पुष्कळ झाले. भाताला दाताखाली काहीतरी लागतं. कोबी मी चिरते, तुम्ही घड्याळाचे काटे बसवल्यासारखा एकेक तुकडा मांडत बसाल. कढई ठेवा. तेल घाला.

घड्याळजी : किती?

बायको : किती काय? कढईला विचारा.

घड्याळजी : अशी उत्तरं दिली असती तर माझं दुकान बंद पडलं असतं.

बायको : म्हणून तर मी दुकानात नाही बसले. लसूण ठेचून टाका, म्हणजे झालं. खरं सांगू? पाहुणे यायचे तेव्हा मला मजा नाही वाटायची. सगळं यादीबरहुकूम आणलेलं असायचं, मी नुसती हमाल. पण महिनाअखेरीला रिकाम्या फ्रिजसमोर उभी राहिले, की अंगात यायचं माझ्या. याच्यात ते टाकून बघू, त्याला हे लावून बघू. पोरं विचारायची, ‘आज काय?’ मी म्हणायचे, मलाही अजून माहीत नाही.

घड्याळजी : आणि दुसऱ्यांदा तसं कधी व्हायचं नाही.

बायको : कसं होणार? दुसऱ्यांदा घरात तेच कुठे उरलेलं असायचं?

(बराच वेळ नुसता सुरीचा आवाज. ती गुणगुणते आहे.)

बायको : टाका आता बटाटा. मग कोबी. आवाज ऐका, कसा मस्त चुरचुरतोय. टोमॅटो हातानेच चुरडा. दाणे, भात. परता. मिठाचा डबा तुमच्याकडे ठेवा, माझ्या हातात देऊ नका. हं, चाखा.

घड्याळजी : थांब, गरम आहे.

बायको : फुंकर घाला. कसं झालंय?

घड्याळजी : फ...

बायको : शपथ घेतली होतीत.

घड्याळजी : कडू झालंय.

बायको : कडू? कशाने?

घड्याळजी : लसूण जळला.

बायको : पाठ होती माझी. लसणाकडे मी कधी बघितलंच नाही हो जन्मात. पाठमोरीच चिरत असायचे, नाक सांगायचं, वळ आता. नाकच नाही, हे विसरलेच बघा. पण तुम्ही तर कढईपाशी होतात. तुम्हाला वास आला नाही?

घड्याळजी : आला.

बायको : मग?

घड्याळजी : तू गुणगुणत होतीस. किती महिन्यांनी. मला मध्ये बोलवेना.

बायको : ...मी गुणगुणत होते?

घड्याळजी : हो.

बायको : मला कळलंही नाही. तेही आपलं सवयीनेच झालं असेल. आत काही नव्हतं हो.

घड्याळजी : उद्या मी लसणावर लक्ष ठेवतो. करपायच्या आत सांगतो.

बायको : आणि मी तुमच्या नाकाने स्वयंपाक करायचा. मग त्यात माझं काय राहिलं?

(तो कढई उतरवतो.)

बायको : ताटं घ्या. तुम्हाला जाईल का हे?

घड्याळजी : खरं सांगू? नाही जाणार.

बायको : मग तुम्ही बिस्किटं खा. मला वाढा. मला जाईल.