सशांची टंचाई

ताई: माझ्या शाळेत चारच मुलं आहेत गं. नाटकात एकाला सिंह केलं की ससे उरतात तीन. तिघांचा कुठे कळप होतो?

धाकटी: आणि माझ्या वर्गात बासष्ट जणांना ससाच व्हायचंय. सिंह व्हायला कुणी तयार नाही. एकट्याने उभं राहायची सवयच नाही ना कुणाला. पन्नासेक पाठवू का फोनमधून?

ताई: चेष्टा पुरे. शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब नाटक बघायला येताहेत. शाळेत जीव दिसला नाही तर दाराला कुलूप, आणि ही चारही चिमुरडी दूरच्या शाळेसाठी रोज दोन तास बसमध्ये. मग मलाही गाशा गुंडाळावा लागेल.

धाकटी: मग ये की परत मायदेशी. इथे एका बाकावर चौघं बसतात, दोन पाळ्यांत शाळा भरते, तरी माझा वर्ग व्हरांड्यात. आमचे मुख्याध्यापक तुला डोक्यावर घेऊन नाचतील.

ताई: आणि या चौघांना काय सांगू?

धाकटी: ते खरंच. पण एवढा श्रीमंत देश आणि मुलांचाच दुष्काळ? हे काही माझ्या टाळक्यात शिरत नाही.

ताई: घरं महाग, नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर. मूल सांभाळायचं कुणी? एकावर थांबतात, नाहीतर तेही नको म्हणतात. म्हातारी माणसं मात्र नव्वदी ओलांडतात. माझ्या गल्लीत झबल्यांचं दुकान होतं, तिथे आता हातातल्या काठ्या विकतात.

धाकटी: आमच्याकडे दवाखाना झाला, बाळं जगायला लागली. छानच झालं. पण वर्ग, नळ, नोकऱ्या, सगळं मागे धापा टाकत येतंय.

ताई: तुमचीही पाळी येईल हो, बाई. आईला आपण पाच. तुला किती?

धाकटी: एक. आणि तोच मला पुरून उरतो.

ताई: बघ म्हणजे.

धाकटी: बरं, मला सांग, ही नव्वदीची मंडळी दिवसभर करतात काय?

ताई: खिडकीत बसतात. मधल्या सुट्टीत माझी मुलं खेळायला लागली की सगळे पडदे सरकतात.

धाकटी: मग तुझे ससे खिडकीतच बसलेत की.

ताई: अगं, त्यांचे गुडघे तरी बघ.

धाकटी: ससे म्हातारे होत नाहीत का?

(शुक्रवारी, दोन्हीकडची नाटकं झाल्यावर, पुन्हा फोनवर.)

धाकटी: आमच्याकडे एकसष्ट ससे एकदम धावले आणि सिंहच भोकाड पसरून आईकडे पळाला. तुमचं काय झालं?

ताई: एकवीस ससे आले. कापसाचे कान लावून. सिंह गुरगुरला, पण एका आजींना उठताच येईना. मग सिंहानेच त्यांचा हात धरला आणि हळूहळू बिळापर्यंत पोचवून आला. वर म्हणतो, "आता पळा हं, मी येतोय."

धाकटी: अरे देवा. आणि साहेब?

ताई: साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या वर्षी ससे लागतील का.

धाकटी: त्यांना कशाला हवी ती चौकशी?

ताई: पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत ते.

धाकटी: आणि शाळेचं काय?

ताई: मी तेच विचारलं. तर म्हणाले, तालीम कुठे करायची मग?