आंबेमोहराचा वास

लोणावळ्याच्या लॅबमध्ये ज्योत्स्ना रिपोर्टची वाट बघत होती. मागच्या बाकावर औंढ्याहून आलेल्या सासू-सुना बोलत होत्या.

“प्रेरणा, आजून किती दिस भात न्हाई?”

“आई, पॅलिओ डाएटला महिना झाला. यांची साखर बघा कशी उतरली. आदिमानव हेच खायचा म्हणे. मटण, अंडी, खेकडे, भाज्या.”

“आदिमानव कशाला, आमीच खायचो. आषाढात कणगी रिकामी झाली की आबा वढ्याचं खेकडं धरायचं, आय डोंगरावरनं भाजी खुडून आणायची.”

“मग तेव्हा चालायचं ना?”

“दिवाळीला नवा आंबेमोहर येणार म्हनून चालायचं. पयल्या दिशी आय शिजवायची, तर वास पार बांधावर यायचा. आमी खेळ टाकून पळायचो.”

“तुमच्यापुरता लावते की मूठभर, कुकरला.”

“नगं. लेक खात न्हाई, तर माझ्या घशाखाली उतरंल व्हय? पन एकदा शिजव. कुकरात नगं, वास कोंडतो. उघड्या पातेल्यात.”

काउंटरवरून ज्योत्स्नाचं नाव पुकारलं. ती बसूनच राहिली.

“आणि खाणार कोण, आई?”

“कोंबड्या हायेत की. मी नुसती पातेल्याशेजारी बसंन.”