चार घागरींची सायकल

सायकल कशी निवडावी हे मला विचारू नका. दुकान माझं होतं, पण ते मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. जळकोटात माझं सायकलचं दुकान होतं. शेजारच्या गावचा दगडू बेताचेच पैसे घेऊन आला. मी त्यात बसणारी हलकी, चकचकीत सायकल पुढं केली.

"पळवायची न्हाय शेठ. तीन कोसांवरच्या विहिरीवरनं चार घागरी पाणी आणायचंय."

मग मी दुहेरी दांड्याची जुनी सायकल काढली. घागरी तो सोबत घेऊनच आला होता, पण तपासायला पाणी कुठलं? आम्ही घागरींत वाळू भरली, त्या दोन्ही बाजूंना टांगल्या, आणि त्यानं बाजारातून चक्कर मारली. सायकल साधी कुरकुरली नाही.

महिन्याभरानं तीच सायकल घेऊन तो दारात उभा.

"मोडली का रं?"

"न्हाय, लई चांगली हाय. ती विहीरच आटली."

"मग ठेव इथं, घेतो परत."

"नगं. कॅरियरवर पोतं बांधून द्या, म्हातारी बसंल. सोलापूरला निघालोय."

"परत कवा येणार?"

त्यानं मागचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं.

"हवा जरा जास्त भरा, शेठ."