केसभर लहान

“‘विकायची वेळ आली तर आधी खोट सांग, मग भाव.’ पपांचे हे शब्द आठवतात ना, ड्वेन?”

लिलावघरात बेसबॉलची जुनी कार्डं जमा करणाऱ्यांच्या रांगेत ही बहीणभावंडं माझ्या पुढेच उभी होती. वेळ जावा म्हणून माझा मनातल्या मनात जप चालला होता.

“आठवतात, ऑर्फाताई. पण यात खोट कुठंय? एकशेदहा वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळालेलं कार्ड, आणि बघ त्यावरचा खेळाडू कसा ताजातवाना!”

“तेच बघतेय. आजोबा हे कार्ड टोपीत घालून हिंडायचे. कोपरे झिजून गोल झाले होते. आता बोटाला टोचतात.”

“तुझी बोटंच म्हातारी झालीत.”

“महिनाभर कार्ड तुझ्याकडे होतं.”

“म्हणजे मी चोर?”

“चोर कुठं म्हटलं? त्याच सालातलं ते दुसरं, फाटकं कार्ड काढ.”

“लोक बघतायत, ताई.”

“बघू देत. हे त्याच्यावर ठेव. आपलं केसभर लहान कसं रे?”

भावानं दोन्ही कार्डं झाकायला हात पुढे केला.

“ड्वेन.”

“अगं, कडा जरा सारख्या केल्या. सगळेच करतात. छप्पर तुझंच गळतंय ना? गप्प राहिलीस तर चाळीस हजार डॉलर, बोललीस तर चारसुद्धा नाहीत.”

“कापलंस कशानं?”

“पपांच्या दाढीच्या पात्यानं.”

माझा जप केव्हाच थांबला होता.

“पुढे कोण आहे?” टेबलामागच्या माणसानं हाक मारली.

बहिणीनं पर्स भावाच्या हातात दिली. मग मोठ्या कार्डावर लहान कार्ड तसंच ठेवून, दोन्ही तळहातावर धरून ती टेबलाकडे निघाली.